देहूचा कुणबी गृहस्थ : संत तुकारामांच्या प्रापंचिक जीवनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना
महाराष्ट्राच्या इतिहासात संत तुकारामांचे स्थान भक्त आणि कवी म्हणून निश्चित झालेले आहे. मात्र त्यांचे चरित्र सांगताना ‘प्रपंचात अपयशी, परमार्थात यशस्वी’ अशी मांडणी रूढ झाली. या मांडणीत त्यांची शेती, दुकानदारी, सावकारी व कुटुंब या बाबी वैराग्याची केवळ पार्श्वभूमी ठरतात. तुकारामांनी प्रपंच सोडला नाही, तर प्रपंचातील एक विशिष्ट आर्थिक व्यवहार सोडला, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्यांना तुकाराम शिकविताना हा प्रश्न विशेष महत्त्वाचा वाटतो. कारण त्यांपैकी अनेकांच्या घरी एकेकाळी शेती होती व आज नाही.

साधनांचे स्वरूप
तुकारामांचे आत्मपर अभंग हे या विषयाचे पहिल्या प्रतीचे साधन होय. देहूला प्रत्यक्ष येऊन राहिलेल्या संत बहिणाबाई यांचे आत्मनिवेदन ही समकालीन साक्ष आहे. महिपतींचे ‘भक्तविजय’ (१७६२) व ‘भक्तलीलामृत’ (१७७४) हे ग्रंथ शतकाहून अधिक काळानंतरचे आहेत. त्यांतील चमत्कारकथा बाजूला ठेवल्या, तरी कुणबी घराचे जे तपशील त्यांत आले आहेत, ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

कुळ आणि व्यवसाय
तुकारामांच्या जन्मवर्षाविषयी अभ्यासकांत मतभेद असून १६०८ हे वर्ष सामान्यतः स्वीकारले जाते. मोरे घराणे कुणबी होते. घरी शेती व दुकान होते आणि देहूच्या बाजारपेठेची महाजनकी वंशपरंपरेने चालत आलेली होती. विठ्ठलभक्तीही घरातलीच होती. पूर्वज विश्वंभर यांनी देहूत विठ्ठलाचे देऊळ उभारल्याचे परंपरा सांगते. वडील बोल्होबा व आई कनकाई यांच्या निधनानंतर थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थाटनास निघून गेले. त्यामुळे मधल्या तुकारामांवर तरुणपणीच घराचा भार पडला. याचा अर्थ असा की, घर सोडण्याचा मार्ग त्यांनी सख्ख्या भावाच्या रूपाने पाहिला होता आणि स्वतः तो पत्करला नव्हता.

दुष्काळ
१६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. मोगल दरबारच्या इतिहासात व युरोपीय प्रवाशांच्या वृत्तांतांतही त्याची वर्णने आढळतात. तुकारामांच्या घरातील गुरे गेली, व्यापार बुडाला. पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून मरण पावल्या आणि पुत्र संतू हाही दगावला. या प्रसंगाने आलेली लाज व दुःख तुकारामांनी आपल्या अभंगांत स्वतःच सांगितले आहे. दरबारी इतिहासकारांनी या दुष्काळातील मृत्यूंचे बाहेरून वर्णन केले. घरातला कर्ता पुरुष या नात्याने त्याची नोंद करणारा आवाज मात्र आपल्याला तुकारामांच्या रूपाने मिळतो. पुढे त्यांनी मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त केले व तेथे कीर्तन सुरू केले.

खतपत्रांचा प्रसंग
कर्जाची खतपत्रे इंद्रायणीत बुडविल्याचा प्रसंग परंपरेने जपला आहे. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या हवाली करून तुकारामांनी केवळ आपल्या वाट्याची खते नदीत सोडली, असे ही परंपरा सांगते. हा तपशील निर्णायक मानावा लागेल. दुष्काळोत्तर खेड्यात खतपत्र म्हणजे शेजाऱ्याच्या बैलावर, पिकावर व पुढील कष्टांवर असलेला हक्क होता. तो हक्क सोडताना तुकारामांनी आपला त्याग भावावर लादला नाही. वैराग्याच्या भरात भान हरपलेल्या माणसाचे हे वर्तन नव्हे. वाटणीचा न्याय जाणणाऱ्या गृहस्थाचे ते आहे.

जिजाई
दुसऱ्या पत्नी जिजाई यांची कजाग अशी प्रतिमा कीर्तनकारांनी लोकप्रिय केली. वाटेत मुलांना ऊस वाटून एकच कांडे घरी आणणाऱ्या नवऱ्यावर त्या संतापल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु हीच परंपरा असेही सांगते की, भंडारा डोंगरावर बसलेल्या पतीसाठी त्या रोज भाकरी घेऊन जात. महादेव, विठोबा, नारायण हे पुत्र व काशी, भागीरथी, गंगा या कन्या यांचा सांभाळ प्रामुख्याने त्यांच्याच कष्टांवर झाला असला पाहिजे. त्यांचा राग हा दुष्काळ भोगलेल्या घराचा हिशेब होता. त्या हिशेबाला चरित्रात स्थान न देणे म्हणजे कुटुंबातील अर्धा इतिहास वगळणे होय. तुकारामांचे निर्याण शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस (इ. स. १६५०) झाले, त्या वेळी जिजाई गरोदर होत्या व नारायण यांचा जन्म नंतर झाला, असे सांगितले जाते. तुकाराम अखेरपर्यंत गृहस्थच होते, याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. याच नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सोहळ्याची परंपरा सुरू केली.

परिसर : तेव्हा आणि आता
तुकारामांचे जग अनेक अर्थांनी याच पट्ट्यात सामावलेले होते. त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे तेली. त्यांची समाधी सुदुंबरे येथे आहे. चाकणजवळचा भामचंद्र डोंगर हे तुकारामांचे चिंतनस्थान मानले जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काही दशकांत शेतजमिनींचे रूपांतर औद्योगिक भूखंडांत झाले. २००८ साली शिंदे-वासुली येथील नियोजित रासायनिक संशोधन केंद्राला ग्रामस्थांनी व वारकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा डोंगराचे पावित्र्य व पाण्याचे प्रदूषण हे दोन्ही मुद्दे एकत्र मांडले गेले. भक्ती आणि भूमी यांचा संबंध येथे तुटलेला नाही, हे यावरून दिसून येते.

समारोप
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तुकारामांची भक्ती शेत, दुकान व घर यांच्या बाहेर घडली नाही. दुष्काळाने त्यांना घराबाहेर काढले नाही. त्याने त्यांना सावकारीबाहेर काढले. जमीन विकून आलेला पैसा व वाढते कर्ज यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आजच्या कुटुंबांतील विद्यार्थ्याला सदेह वैकुंठगमनाच्या कथेपेक्षा दोन भावांमधील त्या कागदांच्या वाटणीत अधिक ओळखीचा तुकाराम भेटेल. अध्यापनात हा तुकाराम आणणे, ही इतिहासाच्या अध्यापकांची जबाबदारी आहे.