रक्ताची वंशावळ

आमच्या नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना मिळतात. संगमाच्या खाली ओंजळीत घेतलेले पाणी कोणत्या नदीचे, हे कोणी सांगू शकत नाही. माणसाच्या रक्ताचेही असेच आहे. आपल्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. परंतु पेशीच्या केंद्रकात बसलेला चित्रगुप्त आईचे आणि बापाचे, अशी दोन्ही कुळांची वही सांभाळतो. त्या वहीतले एक पान मुंबईत उघडले गेले, त्याची ही हकीकत.

१९०१ साली लँडस्टायनरने रक्ताचे ए, बी आणि ओ हे गट जगापुढे मांडले. ओ गटाचे रक्त सर्वांना चालते, हे आम्ही मास्तर मंडळी वर्गात सांगत आलो. पण मुंबईत डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना अशी तीन माणसे आढळली, की त्यांना ओ गटाचेही रक्त चालेना. मिसळताच गुठळ्या होत. परीक्षानळीचा दोष म्हणून ही गोष्ट कोणी सोडून दिली असती. या मंडळींनी ती सोडली नाही. लंडनच्या तज्ज्ञांच्या सहकार्याने १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि पुढे त्या रक्ताला 'बॉम्बे गट' हे नाव पडले.

घराचेच उदाहरण घेऊ. तांबड्या पेशीवर 'एच' नावाचे जोते असते. ए आणि बी हे त्यावरचे मजले. ओ म्हणजे नुसते जोते. बॉम्बे गटात जोतेच नाही! मग मजला बांधण्याचा हुकूम वहीत असूनही तो उभा राहत नाही, आणि असे रक्त साध्या तपासणीत ओ म्हणून खपते. आईबापांपैकी एकाचा गट एबी असेल, तर मूल ओ गटाचे निपजत नाही, असा नियम आहे. अशा घरी बॉम्बे गटाचे मूल जन्मले, तर निरपराध आईवर केवढा संशय यावा!

हे जोते बांधणाऱ्या प्रथिनाचे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचे नाव एफयूटी-१. या प्रथिनाच्या माळेत ३६५ मणी, वर्षाच्या दिवसांइतके. आपल्याकडील अनेक बॉम्बे गटवाल्यांत २४२ वा मणी बदललेला असतो. एवढ्यानेच सारे काम थांबते. मात्र हा दोष आई आणि बाप या दोघांकडूनही यावा लागतो. एकाच बाजूने आला, तर तो मुकाट्याने पुढच्या पिढीत जातो. मामाची मुलगी करण्याच्या आपल्या चालीत अशा दोन मुक्या नोंदी एकत्र येण्याचा संभव वाढतो, तो यामुळेच.

मुंबईत सुमारे दहा हजारांत एक, तर युरोपात दहा लाखांत एखादा, असे याचे प्रमाण सांगतात. अशा माणसाला रक्त लागले, तर ते त्याच्याच गटाच्या माणसाकडून यावे लागते. म्हणून ओ असा शिक्का असला, तरी रक्त देण्यापूर्वी ते जुळवून पाहणे, आणि शंका येताच 'एच'ची तपासणी करणे, यावर एक जीव अवलंबून असतो.

आणि दाता शोधायचा कोठे? प्रथम घरातच. आईबापांत दोष लपलेला असेल, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाचा गट तोच असण्याचा संभव चारांत एक असतो. भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी पडते, ती प्रेमाची. पण एखाद्या घरी बहिणीने भावाला, किंवा भावाने बहिणीला, याहून मोठी ओवाळणी घालण्याची वेळ येऊ शकते. आपल्या घरच्या सर्वांचे गट या दिवाळीत एकदा लिहून ठेवा!