पाहुणा इब्न बतूता, काझी इब्न बतूता

शाळेच्या इतिहासात इब्न बतूता येतो तो मुहम्मद तुघलकाच्या दिल्लीपुरता आणि दौलताबादपुरता. मालदीव बेटांवर त्याने काढलेले दिवस त्या धड्यात नसतात. मला मात्र तेच दिवस आपल्या जास्त कामाचे वाटतात, कारण परगावचा एक मुसलमान स्थानिक मुसलमानांकडे कसा पाहतो, ते तिथे दिसतं.

इब्न बतूता १३०४ मध्ये मोरोक्कोतल्या तंजा शहरात जन्मला. दिल्लीत काही वर्षं काझी होता. तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं, तेव्हा तो आपल्या मुलखातून गेला. दौलताबादचा किल्ला त्याने पाहिला. नंदुरबारला राहणाऱ्या मराठ्यांबद्दल त्याने लिहिलं, की हे लोक कारागिरीत आणि वैद्यकीत हुशार आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी स्वच्छ अंघोळ करतात. पुढे किनाऱ्यावरच्या होनावरला त्याला न शिवलेलं लांब वस्त्र कमरेला गुंडाळून त्याचाच पदर डोक्यावर घेणाऱ्या मुसलमान बायका दिसल्या. त्यांना कुरआन पाठ होतं. त्या गावात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा असल्याची नोंद तो कौतुकाने करतो.

कालिकतच्या बंदरात वादळाने जहाजं बुडाली. चीनला न्यायचे नजराणे गेले. दिल्लीला कोणत्या तोंडाने परतायचं? १३४३ मध्ये त्याने मालदीवची वाट धरली.

बेटांचं पहिलं दर्शन त्याला भुरळ घालणारं होतं. वर्तुळात मांडल्यासारखी बेटं आणि जिकडे तिकडे माड. जहाज दिसलं की होड्या पुढे येत आणि लोक पाहुण्याला पान आणि शहाळी देत. घरं लाकडाची, रस्ते झाडलेले. लोक अनवाणी चालत, म्हणून पाय धुऊन, काथ्याच्या चटईला पुसूनच घरात शिरत. काथ्याच्या दोराने होड्या शिवल्या जात. व्यवहार कवड्यांवर चाले. बंगालचे व्यापारी तांदूळ देऊन त्याच कवड्या घेऊन जात. सरकारी हुकूम माडाच्या पानावर कोरले जात, कागद राखून ठेवलेला असे कुरआन आणि इल्मच्या पुस्तकांसाठी. गादीवर खदीजा नावाची राणी होती आणि जुम्याच्या खुतब्यात तिचं नाव घेतलं जाई.

लोक मुसलमान होते. मसलकही मालिकी, म्हणजे इब्न बतूताचाच. मग त्याला काझी नेमलं गेलं आणि लिखाणाचा सूर बदलला. बहुतेक बायका कमरेच्या वर वस्त्र घेत नसत. त्याने ते थांबवायचा खटाटोप केला. अंग झाकल्याशिवाय दाव्यासाठी समोर यायचं नाही, एवढा नियम तो लावू शकला. बाजारात आणि घरात त्याचं काही चाललं नाही. जुम्याची नमाज चुकवणाऱ्यांना त्याने फटके मारवले. तलाक झालेली बाई दुसरं लग्न होईपर्यंत पहिल्या नवऱ्याच्याच घरी राही, ती रीत त्याने मोडली. त्या बायकांना हे हवं होतं का, हे त्याच्या पुस्तकात सापडत नाही. एकदा त्याने चोराचा हात तोडायचा हुकूम दिला, तेव्हा तिथे बसलेल्यांपैकी काही जणांना भोवळ आली. हेही त्यानेच लिहून ठेवलंय.

शेवटी वजिराशी त्याचं बिनसलं. बायकांना तलाक देऊन तो निघाला. पुढे मदुराईच्या सुलतानाला त्याने या बेटांवर फौज पाठवायची मसलतही दिली. ती मोहीम झाली नाही. ज्या लोकांनी शहाळी देऊन स्वागत केलं, त्यांच्यावरच फौज!

नंदुरबारच्या मराठ्यांना आपल्यासारखं करायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, म्हणून तिथे तो नुसता पाहत राहिला. बेटावर अधिकार आला आणि वेगळी दिसणारी प्रत्येक रीत त्याला चूक वाटू लागली. नमाजचा प्रश्न दीनचा होता हे खरं. पण कपडा किती आणि कसा, याचं माप तो दिल्लीहून सोबत घेऊन आला होता. स्वतःच्या दासींना त्याने दिल्लीच्या पद्धतीचे कपडे घालून पाहिले. ते त्यांना शोभले नाहीत, असं तोच म्हणतो.

हे सातशे वर्षं जुनं प्रकरण मला आमच्या किनवटमध्ये आठवतं. तेलंगणाच्या सीमेवरचं हे गाव. बाजारात मराठी, दखनी, तेलुगू, बंजारा, गोंडी एकाच वेळी ऐकू येते. खेड्यातल्या आमच्या बुजुर्ग बायका साडीचा पदर डोक्यावर ओढून नमाज पढतात, दुआ दखनीत मागतात आणि बाजारहाटाचा हिशेब मराठीत करतात. बाहेरून आलेला एखादा त्यांचा इस्लाम अर्धवट ठरवून जातो. दुसऱ्या बाजूने कुणी कौतुकाने विचारतो, "तुम्ही मुसलमान, तरी मराठी इतकं चांगलं कसं?" दोघांच्याही हातात बाहेरून आणलेलं माप असतं.

फिकहमध्ये 'उर्फ' म्हणजे स्थानिक रिवाजाला जागा आहे. जो रिवाज दीनच्या आड येत नाही, तो मोडायचं कारण नाही. इब्न बतूता शिकलेला काझी होता, त्याला हे ठाऊक असणारच. होनावरच्या त्या पदरात त्याला काही वावगं दिसलं नव्हतं. आमच्या आजीच्या पदराकडेही तेवढ्याच स्वच्छ नजरेने पाहावं, मग तिच्या दीनबद्दल बोलावं.