नवे पान, जुना डेक : ‘अॅफिनिटी’ डेकचा उत्कर्ष आणि बंदी (२००३–२००५)

प्रस्तावना

पत्त्यांचा कॅट म्हटला की आपल्यासमोर बावन्न पाने येतात. ती कोणी छापली, कोणत्या वर्षी छापली याचा खेळावर परिणाम होत नाही. राजा राणीहून वरचढ, ही गोष्ट डाव मांडण्यापूर्वीच ठरलेली असते. सावंतवाडीच्या गंजिफेची स्थितीही वेगळी नाही. मोगल गंजिफेत आठ रंगांची ९६ पाने, तर दशावतारी गंजिफेत दहा रंगांची १२० पाने असतात; परंतु दोन्हींत प्रत्येक रंगाची पाने बाराच. रंग वाढले तरी रंगातील पानांची उतरंड कायम राहते. १९९३ साली अमेरिकेत उदयास आलेल्या संग्राह्य पत्त्यांच्या खेळाने नेमकी ही स्थिरता मोडीत काढली. या खेळात नवी पाने ठरावीक काळाने छापली जातात, विकली जातात आणि जुन्या पानांत मिसळली जातात. परिणामी काल दुय्यम मानले गेलेले पान आज अजिंक्य ठरू शकते.

नवी पाने एखाद्या प्रकारच्या डेकला बळ कसे देतात, या प्रश्नाचे रूढ उत्तर सोपे आहे : प्रकाशक विक्रीसाठी अधिकाधिक समर्थ पाने छापतो आणि जुनी पाने मागे पडतात. हे उत्तर अगदीच चूक नव्हे. परंतु ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळातील ‘अॅफिनिटी’ डेकचा २००३ ते २००५ या काळातील इतिहास पाहिला असता असे दिसते, की बळ हे नव्या पानात एकटे नसते, ते नव्या आणि जुन्या पानांमधील संबंधांत असते. या विधानाचा सर्वांत सबळ पुरावा प्रकाशकानेच निर्णयाच्या रूपाने मागे ठेवला आहे.

खेळाची घडण

‘मॅजिक’चे निर्माते रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. ऑगस्ट १९९३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने हा खेळ बाजारात आणला. खेळाडू थोडीच पाकिटे विकत घेतील, त्यामुळे समर्थ पाने विखुरलेली राहतील, अशी आरंभीची अटकळ होती. ती लवकरच खोटी ठरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘अरेबियन नाइट्स’ हा पहिला विस्तारसंच आला. मार्च १९९४ मध्ये ‘अँटिक्विटीज’ आला. स्पर्धांना शिस्त लावण्यासाठी डेकमध्ये किमान ६० पाने असावीत आणि मूळ भूमीची पाने वगळता एका नावाची चारपेक्षा अधिक पाने नसावीत, असा दंडक पडला. जानेवारी १९९५ मध्ये केवळ अलीकडच्या संचांतील पाने चालणारा स्पर्धाप्रकार सुरू झाला. तोच पुढे ‘स्टँडर्ड’ म्हणून ओळखला गेला. या प्रकारात नवा संच आला की काही महिन्यांनी एखादा जुना संच बाहेर पडतो. म्हणजे डेकचे आयुष्य जन्मतःच मर्यादित असते. पुढील घटना समजण्यासाठी ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

चार पानांच्या दंडकाचे गणितही येथेच नोंदवितो. ६० पानांच्या डेकमध्ये एखादे पान चार प्रतींत असेल, तर आरंभीच्या सात पानांत त्याची किमान एक प्रत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. नव्या संचात त्याच कामाचे परंतु वेगळ्या नावाचे दुसरे पान छापले गेले, तर अशा आठ पानांपैकी एखादे तरी हाती येण्याची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांवर जाते. नवे पान जुन्याहून तिळमात्र सरस नसले तरी हे घडते. चार प्रतींचा नियम तोच राहतो, आणि तरीही तो निष्प्रभ होतो.

मिरोडिनचे बीज

ऑक्टोबर २००३ मध्ये ‘मिरोडिन’ हा संच प्रसिद्ध झाला. धातूच्या एका जगाची त्यामागे कल्पना होती. साहजिकच ‘आर्टिफॅक्ट’, म्हणजे निर्मित वस्तू, या प्रकारच्या पानांचा त्यात भरणा होता. या संचातील एका गुणधर्माचे नाव ‘अॅफिनिटी’, म्हणजे आपुलकी किंवा ओढ. ज्या पानात हा गुणधर्म असेल त्याची किंमत, खेळाडूपुढे जितक्या वस्तू मांडलेल्या असतील तितक्या एककांनी कमी होते. (गुणधर्माला इतके अन्वर्थक नाव क्वचितच लाभत असावे.)

याच संचात पाच वस्तू-भूमी होत्या. या खेळात पाने उतरण्यासाठी ‘माना’ नावाची शक्ती खर्चावी लागते आणि ती भूमीच्या पानांतून मिळते. एका पाळीत एकच भूमी मांडता येते. मिरोडिनमधील या पाच भूमी एरवीच्या भूमीइतकीच माना देत; फरक एवढाच, की त्या वस्तूही गणल्या जात. पाहताक्षणी त्यांत भीतिदायक काही नव्हते. उलट वस्तू नष्ट करणाऱ्या पानांना त्या बळी पडत, म्हणून त्या किंचित कमकुवतच भासत.

आता प्रत्यक्ष डाव पाहू. पहिल्या पाळीत खेळाडूने एक वस्तू-भूमी आणि शून्य किमतीचे ‘वेल्डिंग जार’ मांडले. दुसऱ्या पाळीत दुसरी वस्तू-भूमी आली. हाती दोन माना, पुढ्यात तीन वस्तू. चार किमतीचा ‘फ्रॉगमाइट’ एका मानात उतरतो आणि तोही वस्तूच असल्याने वस्तू चार होतात. दुसरा फ्रॉगमाइट फुकट येतो. वस्तू पाच होतात. उरलेल्या एका मानात पाच किमतीचे ‘थॉटकास्ट’ खेळून दोन नवी पाने उचलता येतात. दोन पाळ्यांत तेरा एककांचे काम दोन एककांत झाले. याच डावात भूमी साध्या असत्या तर पुढ्यात वस्तू एकच राहिली असती आणि तीन किमतीला पडणारा पहिला फ्रॉगमाइटही त्या पाळीत उतरला नसता.

भर आणि भडका

फेब्रुवारी २००४ मध्ये ‘डार्कस्टील’ आला. त्यातील दोन पानांनी या डेकचे स्वरूप पालटले. पहिले ‘आर्कबाउंड रॅव्हेजर’. हा दोन मानांचा जीव आपल्याच वस्तू गिळून वाढतो. एकाकी रॅव्हेजर म्हणजे आपले धन जाळून शेकत बसणारा गृहस्थ. परंतु मिरोडिनमध्ये ‘डिसायपल ऑफ द व्हॉल्ट’ नावाचे एक मानाचे पान आधीच होते; कोणतीही वस्तू मोडून बाद झाली की ते प्रतिस्पर्ध्याचे एक जीवन कमी करी. रॅव्हेजर येण्यापूर्वी या पानाला मर्यादित अर्थ होता. रॅव्हेजर आल्यावर पुढ्यातील प्रत्येक वस्तू, अगदी भूमीसुद्धा, हवी तेव्हा सोडता येणारा बाण झाली. डिसायपलवरील मजकुराचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती त्याची संगत.

दुसरे पान ‘स्कलक्लॅम्प’. एक मानाची ही वस्तू जीवाला जोडली की त्याचे बळ एकाने वाढे आणि सहनशक्ती एकाने घटे. तो जीव मेला की खेळाडूस दोन पाने मिळत. म्हणजे एक सहनशक्तीचा क्षुद्र जीव जोडताक्षणी मरे आणि एका मानात दोन पाने देऊन जाई. उणे सहनशक्तीचा हा फेरफार घडणीच्या अखेरच्या टप्प्यात झाला आणि त्याची पुरेशी चाचणी झाली नाही, ही कबुली कंपनीच्या चमूतील अॅरन फोर्सिथ यांनी जून २००४ मध्ये जाहीरपणे दिली. प्रकाशकाने स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवावी, ही इतिहासाच्या अभ्यासकास सुखावणारी गोष्ट होय. २० जून २००४ पासून स्टँडर्डमध्ये या पानावर बंदी आली. १९९९ नंतर त्या प्रकारात झालेली ही पहिली बंदी.

तथापि त्याच महिन्यात ‘फिफ्थ डॉन’ संच बाजारात आला होता आणि त्यात ‘क्रेनियल प्लेटिंग’ होते : पुढ्यात जितक्या वस्तू, तितके जीवाचे बळ. एका हाताने काढले ते दुसऱ्या हाताने परत दिले गेले. ऑक्टोबर २००४ मध्ये ‘ऑनस्लॉट’ व त्याचे सोबती संच स्टँडर्डमधून बाहेर पडले. त्यांच्यासोबत गॉब्लिन डेकसारखे तगडे प्रतिस्पर्धीही गेले. नव्याने आलेला ‘कामिगावा’ संच तुलनेने सौम्य होता. येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते : डेक बलवान होतो तो केवळ मिळालेल्या पानांनी नव्हे, तर इतरांनी गमावलेल्या पानांनीही.

बंदीची यादी

हा डेक अजेय होता, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘शॅटर’, ‘ऑक्सिडाइझ’, ‘व्हिरिडियन शामन’ ही वस्तू मोडणारी पाने याच मालिकेत होती; २००४ च्या कोबे येथील प्रो टूर स्पर्धेत मासाशिरो कुरोदा यांनी लाल रंगाच्या डेकने विजेतेपद मिळविले. परंतु त्यासाठी काय मोजावे लागले? प्रत्येकाला आपल्या डेकमध्ये वस्तूनाशक पाने खच्चून भरावी लागली. एकतर अॅफिनिटी खेळा, नाहीतर अॅफिनिटीविरुद्ध खेळा, हे दोनच मार्ग उरले. ज्या खेळाचे आकर्षणच स्वतःचा डेक कल्पकतेने रचण्यात आहे, त्याची ही गळचेपी होती. शिवाय रोग आणि औषध दोन्ही एकाच दुकानातून, पाकिटांतून, विकत घ्यायचे होते. खेळाडूंचा रोष विचारात घेऊन अखेर कंपनीने २० मार्च २००५ पासून स्टँडर्डमध्ये आठ पानांवर बंदी घातली.

ही यादी बारकाईने वाचण्याजोगी आहे. तीत रॅव्हेजर आहे, डिसायपल आहे, मिरोडिनच्या पाचही वस्तू-भूमी आहेत आणि डार्कस्टीलमधील सहावी, ‘डार्कस्टील सिटाडेल’, आहे. परंतु ज्या गुणधर्मावरून डेकला नाव मिळाले, तो धारण करणारे एकही पान तीत नाही. फ्रॉगमाइट, मिर एन्फोर्सर, थॉटकास्ट सर्व मोकळे राहिले. क्रेनियल प्लेटिंगही राहिले. समर्थ पाने वेचून काढण्याचा हेतू असता तर यादी निराळी झाली असती. आठपैकी सहा पाने भूमीची, म्हणजे ज्यांच्याकडे पाहून कोणी पाकीट विकत घेतले नसते अशी. कंपनीने पाने नव्हे, पानांमधील नाती तोडली.

हा निर्णय योग्य होता, पण उशिरा झाला, असे मला वाटते. स्कलक्लॅम्प एकट्यावर बंदी घालताना दोष एका पानाचा आहे असे मानले गेले आणि त्या समजुतीपायी जवळजवळ नऊ महिने गेले. दरम्यान ज्यांनी पदरमोड करून चार रॅव्हेजर जमविले त्यांचा संग्रह एका घोषणेने निरुपयोगी झाला. ज्यांना ते परवडले नाहीत ते आधीच हरत आले होते. दोहोंपैकी कोणाचाही दोष नव्हता.

पुढे ‘मॉडर्न’ हा स्पर्धाप्रकार २०११ मध्ये सुरू झाला तेव्हा मिरोडिनच्या पाचही वस्तू-भूमी व स्कलक्लॅम्प यांना प्रारंभापासून प्रवेश नाकारला गेला. रॅव्हेजरला मात्र दार उघडे होते. २०१० च्या ‘स्कार्स ऑफ मिरोडिन’मधील ‘मॉक्स ओपल’ने तेथे वस्तूंच्या डेकला नवे इंधन पुरविले. या पानावर जानेवारी २०२० मध्ये बंदी आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती उठविण्यात आली. केवळ सामान्य श्रेणीची पाने चालणाऱ्या ‘पॉपर’ प्रकारात तर जुनाच अध्याय पुन्हा लिहिला गेला. जून २०२१ च्या ‘मॉडर्न होरायझन्स २’ संचात दोन रंगांची माना देणाऱ्या वस्तू-भूमी आल्या आणि मिर एन्फोर्सरचे जणू जुळे भावंड असे ‘सोजर्नर्स कम्पॅनियन’ आले. चाराचे आठ झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये या पानावर बंदी आली, जानेवारी २०२२ मध्ये ‘अॅटॉग’वर, आणि मार्च २०२२ मध्ये डिसायपल ऑफ द व्हॉल्टवर, जे छापले गेले त्याला तेव्हा अठरा वर्षे उलटून गेली होती.