सुरतेचे पांजरपोळ आणि गजराजाचे उदर

सुरत म्हटले की मराठी वाचकांस १६६४ व १६७० या सालांतील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या आठवतात. परंतु त्या नगरीची दुसरीही एक ख्याती होती. १६८९ साली निघालेल्या सफरीत तेथे आलेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने तेथील वाण्यांनी चालविलेल्या पशुरुग्णालयाचे वर्णन केले आहे. जराजर्जर गाई, लंगडे घोडे, आजारी कुत्रे यांची तेथे शुश्रूषा होई. इतकेच नव्हे, तर ढेकूण-पिसवांचा उदरनिर्वाह व्हावा म्हणून एखाद्या गरिबास मोल देऊन रात्रभर खाटेवर निजवीत! हा प्रकार कित्येकांस हास्यास्पद वाटेल. आम्हांस मात्र त्यात एक मर्म दिसते. पशूची काळजी वाहताना त्याच्याशी निगडित क्षुद्र जीवही विसरू नयेत, हे ते मर्म होय.

देवळाच्या दारी झुलणाऱ्या गजराजाचेच पाहा. प्रौढ हत्ती दिवसास सुमारे १५० किलो चारा खातो. त्यातील निम्माही त्यास पचत नाही. जे पचते, त्याचे श्रेय आतड्यांतील असंख्य सूक्ष्मजंतूंस आहे. गवत व साली यांतील चिवट तंतू तेच फोडतात. हत्तीचे पिलू आईची विष्ठा खाऊन हे जंतुधन मिळविते. रानातील हत्ती नानाविध वनस्पती खातो; पाळीव हत्तीच्या वाट्यास ठराविक चारा, भात, गूळ, केळी येतात. साहजिकच दोघांच्या उदरांतील जंतुसृष्टी निराळी होते, आणि पाळीव हत्तीच्या बाबतीत तीत औषधांचीही भर पडते.

ही औषधे म्हणजे प्रतिजैविके. १९२८ साली फ्लेमिंग यांस पेनिसिलिनचा शोध लागला. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनीच बजावले की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधास सरावतात. आपल्याकडे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि हे अमृत सामान्यांच्या आवाक्यात आले. पुढे सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेस प्लेगने ग्रासले. लक्षावधी लोक शहर सोडून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून हा हा म्हणता संपल्या. निरोगी माणसांनीही भयापोटी त्या घेतल्या. परंतु सुरतेचे खरे आरोग्य परतले ते १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत झालेल्या स्वच्छतेने. गोळी संकट निवारते. संकट येऊ न देणे हे झाडूचे काम.

औषधास दाद न देण्याची शक्ती जंतूंस आजच लाभली असे नाही. ३०,००० वर्षांपूर्वीच्या गोठलेल्या मातीतही तिची जनुके आढळल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले. म्हणून रानहत्तीच्या पोटात ती सापडली तर नवल नाही. मात्र औषधाचा मारा झाला की दुबळे जंतू मरतात, प्रतिकारक्षम तेवढे उरतात व फोफावतात. उपयुक्त जंतूंचाही त्यात संहार होतो. मग ते प्रतिकारक्षम जंतू लिदीवाटे माहुताच्या हातास, ओढ्यास, शेतास लागतात. २००२ पासून सिंधुदुर्गात रानहत्ती वावरू लागले आहेत. रान व गाव यांतील कुंपण आता नावापुरतेच उरले आहे.

याची दुसरी बाजूही आहे. पाळीव हत्तींस होणारा क्षय बहुधा माणसाकडूनच जातो. त्याचे उपचार कित्येक महिने चालतात. ते मध्येच सोडले तर जंतू निर्ढावतात. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या जैन मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने जामनगरास नेली गेली, तेव्हा हत्तींच्या आरोग्याची चर्चा गावोगाव झाली. ती केवळ मालकीच्या वादात विरून जाऊ नये.

देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची विनंती इतकीच की, गजशाळा कोरडी व स्वच्छ ठेवावी, चाऱ्यात विविधता असावी, माहुताचीही वैद्यकीय तपासणी व्हावी आणि पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून प्रतिजैविक देऊ नये. दिले तर ते पुरते द्यावे. ज्या गजमुखास आपण प्रथम वंदन करतो, त्याच्या जिवंत रूपाच्या उदरात काय चालले आहे, याची चिंता वाहणे हीही पूजाच आहे.