माधवरावांची सूचना आणि घरोघरची लक्ष्मी

एग्मोर येथील सरकारी वस्तुसंग्रहालयाशी आपल्या कुटुंबांचा परिचय बहुधा गावाकडून आलेल्या पाहुण्यांच्या निमित्ताने होतो. अमरावतीची शिल्पे आणि चोळकालीन कांस्यमूर्ती पाहून झाल्या की मंडळी परतीच्या वाटेला लागतात. परंतु 1851 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या संग्रहात राजा रविवर्मा यांची तैलचित्रेही आहेत, आणि त्यांचा धागा थेट आपल्या देवघरापर्यंत पोहोचतो, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

रविवर्म्यांची चित्रकार म्हणून पहिली मोठी कीर्ती झाली ती याच शहरात. 1873 साली मद्रासच्या कलाप्रदर्शनात केसांत मोगऱ्याची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीच्या त्यांच्या चित्रास गव्हर्नरांचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस. पहिले धडे मामा राजराज वर्मा यांनी दिलेले. तैलरंगांची विद्या मात्र त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराचे काम दुरून न्याहाळून, स्वतःच्या धडपडीने मिळविलेली.

पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 1874 रोजी, पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या चित्रशाळेत मोने, रेन्वार, पिसारो आदी चित्रकारांनी स्वतंत्र प्रदर्शन भरविले. मोनेच्या ‘इंप्रेशन, सूर्योदय’ या चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने त्यांची टवाळी केली, आणि ती टवाळीच पुढे त्यांचे बिरुद ठरली. हुबेहूब रेखाटन व गुळगुळीत रंगलेपन यांचा जो राजमार्ग ते सोडू पाहत होते, त्याच मार्गाने चालल्याबद्दल मद्रासेत पदक मिळाले होते! यावरून रविवर्म्यांना ‘मागासलेले’ ठरविण्याची रीत पुढे कलकत्त्याकडील कलाविचारवंतांनी पाडली. ती आम्हांस मान्य नाही. मोनेला जो वारसा जड झाला होता, तो रविवर्म्यांना मुळात मिळालाच नव्हता. त्यांना तो परक्या हातांकडे पाहून कमवावा लागला.

आता आपल्या माणसाकडे येऊ. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत रुजलेल्या देशस्थ घराण्यातले. जन्म 1828 चा, कुंभकोणमचा, शिक्षण मद्रासचे. त्रावणकोरचे दिवाण असतानाच त्यांचा रविवर्म्यांशी परिचय झाला. पुढे 1875 पासून 1882 पर्यंत ते बडोद्याचे दिवाण होते, आणि सयाजीरावांच्या राज्याधिकारग्रहणप्रसंगी, 1881 साली, रविवर्म्यांना बडोद्यास बोलावण्यात त्यांचा पुढाकार होता. याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे एक पत्र. आपल्या चित्रांना मागणी फार आणि हात दोनच. तेव्हा काही निवडक चित्रे युरोपास पाठवून त्यांच्या रंगीत छापील प्रती काढाव्यात, त्यात आपली कीर्ती आणि देशाची सेवा दोन्ही साधतील, अशा आशयाची सूचना त्यांनी त्यात केली होती.

पुढे बडोद्याच्या आज्ञेवरून रंगविलेली चौदा पौराणिक चित्रे लोकांसाठी मांडली गेली, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटली. मागणी किती आहे हे त्यावरून उघड झाले. रविवर्म्यांनी चित्रे परदेशी धाडण्याऐवजी 1894 साली मुंबईतच शिळाछापखाना काढला. काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. एकेका रंगाची छटा वेगळ्या दगडावर उतरवावयाची आणि तोच कागद दगडामागून दगडावर छापीत न्यावयाचा, असे ते चिकाटीचे काम. दादासाहेब फाळके यांचेही हात काही काळ या छापखान्याच्या कामास लागले होते. पॅरिसचे चित्रकार जपानी रंगीत छाप्यांवरून नवी दृष्टी घेत होते. येथे चित्रकार स्वतःच छाप्यात उतरला.

या छाप्यांनी ज्या घरात तैलचित्र कधीच आले नसते तेथे लक्ष्मी आणि सरस्वती नेल्या. देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला, ही गोष्ट लहान नव्हे. रविवर्म्यांच्या पौराणिक नायिकांपैकी कित्येकींच्या अंगावर मराठी धाटणीचे लुगडे आहे. केरळच्या चित्रकाराने ते निवडले, तेव्हा त्याच्यासमोर सगळ्या हिंदुस्थानचे प्रांतोप्रांतीचे वेश होते. आपल्या मुलींना एग्मोरला नेताना एवढे अवश्य सांगावे.

माधवरावांना मात्र या छापखान्याचे एकही चित्र पाहावयास मिळाले नाही. 1891 साली मैलापूर येथे त्यांचे देहावसान झाले. छापखाना त्यानंतर तीन वर्षांनी निघाला.