बुरूज, तुफान आणि तगरचा वारा

मे महिना सरत आला की आमच्या तेरमध्ये संध्याकाळच्या गप्पांना दोन विषय हमखास असतात. एक म्हणजे आदल्या रात्रीचं वादळ : कुणाचे पत्रे उडाले, किती कैऱ्या झडल्या, लाईट कधी आली. दुसरा, मुंबई-पुण्याहून किंवा दुबईहून सुट्टीला आलेल्यांनी पाहिलेल्या उंच इमारती. बुर्ज खलिफा ८२८ मीटर, मजले १६३, हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे माझं लक्ष इमारतींपेक्षा बोलणाऱ्यांच्या शब्दांकडेच जास्त जातं.

'इमारत' हा शब्द मूळ अरबी. दुबईचा 'बुर्ज' आणि आपल्या नळदुर्गचा 'बुरूज' एकच. 'मजला' आला 'मंझिल'वरून, आणि 'मजल दरमजल'मधली 'मजल'ही त्याच घरची. मंझिल म्हणजे उतरण्याचं ठिकाण, मग ते प्रवासातलं असो की जिन्यावरचं. 'हवा' अरबी, 'तुफान'ही अरबी. कुरआनात नूह अलैहिस्सलाम यांच्या काळातल्या जलप्रलयाला हाच शब्द आहे. आणि मराठी ज्याला 'गगनचुंबी' म्हणते, त्याला उर्दूत म्हणतात 'फलकबोस'. फलक म्हणजे आकाश, बोस म्हणजे चुंबणारं. शब्द वेगळे, कल्पना तीच.

हे शब्द इथे आले कसे? यातले बरेचसे दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी फारसीतून आले. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झालं, पुढे आदिलशाही, निजामशाही आली. किल्ले बांधायचे, हिशेब ठेवायचे, महसूल गोळा करायचा, तर गवंडी, कारकून आणि पाटील यांना एकमेकांशी बोलावं लागणारच. पण समुद्राची वाट याहून जुनी आहे, आणि तिचा तेरशी संबंध आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं एक फार मोठं शहर म्हणून तगरचं नाव येतं. इथलं कापड बैलगाड्यांतून अवघड वाटांनी भडोच बंदराला जाई आणि तिथून जहाजांवर चढे. ती जहाजं चालत नियमाने दिशा बदलणाऱ्या मोसमी वाऱ्यांवर. अरबीत 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. आपण आंब्याचा 'मोसम' म्हणतो तो हाच. हाच शब्द पोर्तुगीज आणि इंग्रजी फिरून 'मान्सून' होऊन पुन्हा मराठीत आला. एकच पाहुणा, दोन दारांनी आलेला.

तगरचं वैभव ओसरलं, तरी नावाचा मान उरला. कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत. म्हणजे श्रेष्ठ तगर नगरीचे स्वामी. राज्य समुद्रकाठी, बिरुद मात्र आमच्या गावाचं!

हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६च्या सुमारास, बगदादचा प्रवासी अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आजच्या चौलला आला. त्याने लिहून ठेवलंय की तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. कुणी ओमानचे, कुणी बसऱ्याचे, कुणी बगदादचे. कित्येकांनी तिथेच संसार थाटले होते. इथेच जन्मलेल्यांना 'बयासिरा' असं वेगळं नावही होतं. त्यांच्यातलाच एक जाणता माणूस राजा नेमत असे आणि मुसलमानांचे व्यवहार तो पाही. हा राजा कोण? मसूदी नाव देतो, झंझ. हाच शिलाहार राजा झंझ. याने शंकराची बारा देवळं बांधल्याची नोंद याच घराण्याच्या लेखांत आहे. संस्कृतात 'झंझा' म्हणजे सोसाट्याचा वारा, 'झंझावात' त्यातलाच.

ही नोंद मला मोलाची वाटते. बहमनी राज्याच्या चारशेहून अधिक वर्षं आधी, शिवभक्त राजाच्या बंदरात मुसलमान नांदत होते. हातात तलवार घेऊन आले नव्हते, मालाची गाठोडी घेऊन आले होते. अर्थात चौलचे ते व्यापारी म्हणजे आमचे पूर्वज, असा दावा मी करणार नाही. मराठवाड्यातले आम्ही बहुतेक इथल्याच मातीतले. कुणाचा आजा-पणजा विणकर, कुणाचा शेतकरी. आमच्या घरांत दख्खनी बोलली जाते आणि बाजारात मराठी, आणि दोन्हींत एकमेकींचे शब्द आहेत.

तरीही "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न सुटत नाही. कधी कुतूहलाने येतो, कधी टोचायला. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे मित्रही मला भेटतात. त्यांच्याशी मी भांडत नाही. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारात संस्कृत शब्द आणले, त्यालाही इतिहासात जागा आहे. पण कारभाराचे शब्द फर्मानाने बदलता येतात, गप्पांचे बदलत नाहीत. पत्रे उडाले की माणूस "काय तुफान होतं!" असंच म्हणतो, मग त्याचं आडनाव काहीही असो.

वर्गात आता मी हे शब्द फळ्यावर लिहितो आणि मुलांना विचारतो, यातला परका कोणता? मुलं बराच वेळ शोधत राहतात. मग आम्ही धडा पुढे नेतो.