समाह्वय, शर्यत आणि खानदेश

घोड्याच्या शर्यतीवर पैसे लावणें हा विषय संशोधकाच्या लेखणीस अनुचित आहे, असें कांहीं वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु खानदेशांत तरी तो केवळ करमणुकीचा नव्हे. दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेडें येथें घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हें गांव १९०६ नंतर पश्चिम खानदेशांत व पुढें धुळें जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. येथें घोड्याचें मोल ठरतें. घोड्यावर पण लावण्याचीं प्रसिद्ध मैदानें मात्र मुंबई व पुणें येथें आहेत. जागेचा हा निर्बंध किती जुना आहे, तें आम्ही येथें पाहणार आहों.

निर्जीव साधनांनीं खेळतात तें द्यूत व प्राण्यांवर पण लावून खेळतात तो समाह्वय, असा भेद मनूनें केला आहे. राजानें दोहोंसही राज्यांत थारा देऊं नये, असें त्याचें मत. याज्ञवल्क्य निराळें सांगतो. खेळ एकाच प्रमुखाच्या देखरेखीखालीं चालावा, म्हणजे चोर ओळखतां येतात. सभिकानें शंभर वा अधिक जिंकणाऱ्याकडून शेंकडा ५ व इतरांकडून शेंकडा १० घ्यावे, राजास ठरलेला भाग द्यावा. राजभाग पोंचला असून खेळ सभिकासमक्ष उघड झाला असेल, तरच जिंकलेली रक्कम राजानें देववावी. एरव्हीं देववूं नये. समाह्वयासही हाच विधि त्यानें लावला आहे.

आतां अर्वाचीन व्यवहार पाहूं. मुंबईत भायखळ्यामागून १८८३ सालीं महालक्ष्मीचें मैदान सुरू झालें. वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब १९२५ सालचा. त्यास ‘रॉयल’ हें उपपद १९३५ सालीं मिळालें. तेथील साधे पण दोन. घोडा पहिला यावा हा ‘विन’. धांवणाऱ्या घोड्यांच्या संख्येप्रमाणें तो पहिल्या दोन-तिघांत यावा हा ‘प्लेस’. बुकमेकर भाव आधीं बोलतो. ‘टोटलायझेटर’मध्यें भाव जमलेल्या रकमेवरून ठरतो. उदाहरणार्थ, १००० रुपये जमले, त्यांतून २०० वजा झाले व जिंकणाऱ्या घोड्यावर दहा रुपयांचीं २० तिकिटें असलीं, तर प्रत्येक तिकिटास ४० रुपये मिळतात. हा वजा होणारा भाग म्हणजे सभिकाचा व राजाचा भागच होय.

मुंबईच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यानें शर्यतीच्या पणास जी सवलत दिली, तीही याच वळणाची. पण शर्यतीच्याच दिवशीं, राखून ठेवलेल्या आवारांत वा सरकारमान्य स्थळीं, परवानाधारकाशीं समक्ष लावलेला असावा. म्हणून जळगांवास किंवा धुळ्यास आडोशाला बसून लावलेला पण त्याच घोड्यावरचा असूनही गुन्हा ठरतो. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरविला. तरी जागेचें बंधन सुटलें नाहीं.

एका बाबतींत मात्र नवा कायदा याज्ञवल्क्याहून कठोर आहे. १८७२ च्या करारकायद्याप्रमाणें पैजेचा करार निरर्थक; आवारांत जिंकलेला पणही दावा लावून वसूल होत नाहीं. शर्यतीच्या ५०० वा अधिक रुपयांच्या बक्षिसासाठीं दिलेली वर्गणी तेवढी अपवाद. याज्ञवल्क्याचा राजा आपला भाग घेऊन जिंकणाऱ्यास त्याची रक्कम देववीत असे. आजचें सरकार भाग घेतें, देववीत नाहीं. राजभागाबरोबर राजाचें कर्तव्यही येतें, हा प्राचीन विचार येथें लोपला, असें आमचें मत आहे.

शेवटीं संग्राहकांस एक सूचना. ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ यापासून आला. त्याचा मूळ अर्थ अट. ‘पण’ म्हणजे डाव, तसेंच नाणेंही. म्हणून जुन्या कागदांत शर्यत वा पण हा शब्द आढळतांच तेथें घोडे धांवले, असें अनुमान करूं नये. कोणी, कोणाच्या देखरेखीखालीं व कोणत्या जागीं पण लाविला, हें आधीं पाहावें. कागदाचा अर्थ तेथेंच उकलेल.